जप म्हणजे नुसता ध्वनी नव्हे

मंत्र म्हणजे फक्त ध्वनिकंपनं, भक्तीशी त्याचा संबंध नाही, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. पतंजलींची योगसूत्रंच बघा. आसनाबद्दल जेमतेम तीन (२.४६ ते ४८). ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला समर्पण, मात्र पहिल्या पादात (प्रकरणात) येतं, क्रियायोगात (तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान या साधनेत) येतं आणि यम-नियमांतल्या नियमांमध्येही येतं. 'तस्य वाचकः प्रणवः' म्हणजे ओंकार हा ईश्वराचा वाचक, त्याचं नावच. लगेच पुढे 'तज्जपस्तदर्थभावनम्'. जप करायचा तो अर्थ मनात धरून! ही अर्थभावना वगळली तर सूत्राचा अर्धा भागच गळून पडतो. स्वाध्यायाने इष्टदेवतेशी संयोग होतो असं २.४४ सांगतं, आणि व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, स्वाध्यायाच्या अर्थात प्रणवादी (ओंकार वगैरेंचा) जप येतो.

हठयोगातही तेच. घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथात श्वासागणिक चालणारा 'हंस', म्हणजेच 'सोऽहं', हा अजपाजप (न जपता आपोआप होणारा जप) दिवसरात्रीत २१,६०० वेळा होतो असं म्हटलंय, म्हणजे मिनिटाला १५ श्वास. मोजून पाहिलं तर शांत बसल्यावर साधारण तेवढेच भरतात.

माझी आजी माळ ओढताना मध्येच थांबायची. विचारलं तर म्हणायची, "लक्ष गेलं रे, परत पहिल्यापासून."