'चॅन्सलर'ला मराठीत काय म्हणावं?

वेलांटी : मुलांच्या एका मासिकाला आंगेला मेर्कल यांच्यावर दोन पानी लेख दिलाय. माझं वाक्य होतं, "पूर्व जर्मनीत वाढलेली ही शास्त्रज्ञ २००५ साली देशाची चॅन्सलर झाली." मुद्रितं आली तर तिथे "देशाची कुलपती झाली"! मुलांना वाटेल, बाई विद्यापीठात लागल्या. संपादक म्हणतात, कोशात कुलपतीच दिलंय आणि इंग्रजी शब्द शक्यतो नकोत. 'पंतप्रधान' लिहू का?

पाटीपेन्सिल : बेधडक लिहा. संसद निवडते, मंत्रिमंडळ हाताखाली, वर नामधारी राष्ट्राध्यक्ष वेगळा. याला पंतप्रधान नाही तर काय म्हणायचं?

उकार : आणि ब्रिटनचा चॅन्सलर? तो अर्थमंत्री असतो. राहता राहिलं 'कुलपती', तर त्या शब्दाच्या वाटेला जाऊच नका. हिंदीतले कुलपति म्हणजे आपले कुलगुरू. आपल्या कुलपतींना ते कुलाधिपति म्हणतात. हिंदी बातमीवरून अनुवाद करताना मी एका कुलगुरूंना परस्पर बढती देऊन बसलो होतो, तेव्हापासून कानाला खडा.

जुनी_वही : मुळात जा की जरा. लॅटिनमध्ये 'कान्केल्ली' म्हणजे जाळी. न्यायसभेत त्या जाळीच्या कठड्यापाशी बसायचा तो 'कान्केल्लारिउस'. म्हणजे कारकूनच, आपला चिटणीस म्हणा. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून तो रद्द करायचे, त्यावरून 'कॅन्सल'. तिकीट कॅन्सल होतं ते आणि जर्मनीची चॅन्सलर, दोघं एकाच जाळीतले! राज्यव्यवहारकोश करणारे आपण, 'महाचिटणीस' म्हणायला काय हरकत आहे?

पाटीपेन्सिल : हरकत एवढीच की बाई खरोखरच्या सरचिटणीस होत्या, १९९८ ते २००० पक्षाच्या. मग पक्षाध्यक्ष. मुलांनी सरचिटणीस आणि महाचिटणीस यांतला फरक पाठ करायचा का?

अनुस्वार : मूळ वाक्यातच खोट आहे. 'ही शास्त्रज्ञ' कसलं? 'शास्त्रज्ञा' हवं. जर्मनमध्ये बघा, 'कान्झलरिन', 'फिजिकरिन', सगळं स्वच्छ स्त्रीलिंगी. 'बुंडेसकान्झलरिन' हा २००५ सालचा तिथला 'वर्षाचा शब्द' ठरला होता.

उकार : त्यांच्या 'इन'सारखी आपली 'ईण' आहे, पण ती लग्न लावून येते. पाटलीण ही पाटलाची बायको. जुन्या डॉक्टरीणबाईंना नाडी बघता येत होतीच असं नाही. चॅन्सलरीण म्हणालात तर लोक चॅन्सलरसाहेब कुठे आहेत म्हणून विचारतील. यजमान योआखिम झॉअर तर पक्के रसायनशास्त्रज्ञ, आणि 'मेर्कल' हे नाव पहिल्या नवऱ्याचं. राहू द्या 'शास्त्रज्ञ', क्रियापदावरून कळतंच की.

वेलांटी : तेही विचारायचंच होतं. लाइपझिगला भौतिकशास्त्र शिकल्या, मग पूर्व बर्लिनच्या विज्ञान अकादमीत काम, १९८६ला डॉक्टरेट. विषयाला 'पुंज रसायनशास्त्र' लिहिलंय. मुलांना पेलेल ना? पण आधी चॅन्सलरचं बघा.

जुनी_वही : पुंज म्हटलं की मला धान्याची रास दिसते. क्वांटमच ठेवा.

अनुस्वार : म्हणजे क्वांटम चालतं आणि चॅन्सलर टोचतं! मघाशी राज्यव्यवहारकोश कोणी काढला होता?

पाटीपेन्सिल : एक भर. जर्मन पोरांनी त्यांच्या नावाचं क्रियापद केलं होतं, 'मेर्कल्न'. २०१५ साली गाजलं. अर्थ : काहीच न ठरवणं, काहीच न बोलणं. मराठीत 'घोंगडं भिजत ठेवणं'.

उकार : हे मात्र पटलं नाही. २०१० साली यांच्याच सरकारने अणुवीजकेंद्रांची मुदत वाढवली होती. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि काही महिन्यांत २०२२पर्यंत सगळी केंद्रं बंद करायचं ठरलं. घोंगडं कुठे भिजलं? उलट करोनाच्या साथीत, एप्रिल २०२०मधलं त्यांचं बोलणं आठवा. एका रुग्णाकडून सरासरी १.१ जणांना लागण झाली तर ऑक्टोबरात रुग्णालयांची ताकद संपेल, १.२ असेल तर जुलैत, १.३ असेल तर जूनमध्येच. दशांश चिन्हापुढचा एक आकडा हलला की महिने कसे गळतात, ते फळ्यावर गणित मांडावं तसं सांगितलं. ही चालढकल नव्हे, ताक फुंकून पिणं.

पाटीपेन्सिल : फुंकता फुंकता १६ वर्षं गेली!

अनुस्वार : 'ताकही फुंकून पिणं'. 'ही' गाळू नका, म्हणीचा जीवच त्या 'ही'त आहे.

उकार : बोलताना सगळे गाळतात.

अनुस्वार : सगळे चुकतात म्हणून बरोबर होत नाही.

वेलांटी : संपादकांचा फोन येऊन गेला, पानं आज रात्रीच लावताहेत. 'कुलपती' काढलंय, तिथे 'सर्वोच्च नेत्या' घातलंय. आणि जाता जाता 'शास्त्रज्ञ'चं 'संशोधिका' केलंय.

जुनी_वही : संशोधिका वाईट नाही हो.

अनुस्वार : 'सर्वोच्च'? वर राष्ट्राध्यक्ष असताना?