वाड्यांमधला आरोग्य सर्व्हे: फोनवर करावा की घरी जाऊन?

खाडीपलीकडचा
आमच्या मंडळाला गुहागर तालुक्यातल्या काही वाड्यांत तिशीवरच्या लोकांचा सर्व्हे करायचाय. बीपी, शुगर, तंबाखू, दारू. पैसे बेताचेच. काही जण म्हणतात फोनवर उरकू, काही म्हणतात आशाताईंना टॅब देऊ. कोणी असं काम केलंय का?

कोकमआगळ
फोन नकोच. तो असतो घरातल्या पुरुषाच्या खिशात, बाईचं उत्तरही तोच देणार. कानाने अधू असलेली म्हातारी माणसं तर आपोआप गळतात, आणि बीपी नेमका त्यांनाच. शिवाय पाच-सहा पर्याय वाचून दाखवले की ऐकणारा शेवटचाच धरतो.

बीपी विचारू नका, मोजा. थोड्या थोड्या वेळाने तीनदा. कित्येकांना आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नसतं.

साकवावरून
आशाताईंना घर दाखवायला न्या, प्रश्न विचारायला नको. 'गोळ्या रोज घेता ना?' हे गोळ्या आणून देणारीनेच विचारल्यावर नाही कोण म्हणेल? दारूचं तर बोलायलाच नको, सगळी वाडी तिच्या ओळखीची. विचारणारी मुलं दुसऱ्या गावची घ्या.

तंबाखूचा प्रश्न मोघम ठेवू नका. मिश्री, गुटखा, विडी, एकेकाचं नाव घेऊन विचारा. मिश्री लावणारी आजी 'तंबाखू खाता का' ला सरळ नाही म्हणते, आणि ती खोटंही बोलत नसते.

खाडीपलीकडचा
पटलं. पण दारूचं खरं परक्या मुलाला तरी सांगतील?

साकवावरून
तेवढ्या भागापुरता टॅब त्यांच्याच हातात द्या. कानाला हेडफोन, प्रश्न आपल्याकडच्या बोलीत रेकॉर्ड केलेले, उत्तराला बोट लावायचं. अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर हे करून पाहिलं होतं, 1998 साली तो अभ्यास छापून आला. कागदावर लिहून देण्यापेक्षा हेडफोनवर त्यांनी नाजूक गोष्टी जास्त कबूल केल्या. सत्तरीच्या आजोबांना मात्र आधी दोन साधे प्रश्न देऊन सराव करून घ्या, नाहीतर कुठेही बोट लावतील.

कोकमआगळ
टॅबवर फार भिस्त नको हं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही 2015-16 च्या फेरीत कागद सोडून छोटे लॅपटॉप घेतले. त्यात एखादा प्रश्न विचारायचा राहून जात नाही, वय 430 असं लिहू देत नाही. पण सासू शेजारी बसली असेल तर सुनेचं उत्तर कागदावरही तेच आणि टॅबवरही तेच. त्या सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच.

आणि गणपती-शिमग्यात जाऊ नका. चाकरमानी आलेले असतात, एकांत कुठला!

खाडीपलीकडचा
मग भातकापणी उरकल्यावर. रेंजचं काय करायचं?

साकवावरून
ओडीके कलेक्ट नावाचं फॉर्म भरायचं अ‍ॅप घ्या. फुकट आहे, रेंजशिवाय चालतं. संध्याकाळी रेंजमध्ये आलात की फॉर्म पाठवा.