व्याजाचा रकाना गेला कुठे?

सी-१०४: सेक्रेटरी साहेब, बिलात थकबाकीवरचं व्याज दिसतच नाहीये. एकूण रकमेत मात्र धरलंय!

सेक्रेटरी: नमस्कार काकू. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर बिलिंग टाकल्यापासून असं होतंय. कोडला कुणी हात लावलेला नाही म्हणे.

बी-५०१: माझ्या जुन्या लॅपटॉपवर व्यवस्थित येतंय.

ए-३०२: दादा, मागच्या वेळीही सांगितलं होतं. लॉकफाइल (कोणत्या पॅकेजची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, नेमकी कोणती आवृत्ती बसवली त्याची यादी) गिटमध्ये, म्हणजे आपला कोड साठवतो तिथे, टाका. मग एनपीएम सीआय चालवा, त्या यादीप्रमाणेच पॅकेजेस बसतात.

डी-२०३: टेरेसचं लॉक का? किल्ली कुणाकडे आहे? 😀

सेक्रेटरी: टेरेसचा विषय एजीएममध्ये.

बी-५०१: दोघांचे बदल मर्ज, म्हणजे एकत्र, करताना दरवेळी लॉकफाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट यायचा, म्हणून ती गिटइग्नोअर केली, गिटमधून वगळली. तेव्हा ग्रुपवर सगळे गप्प होते.

ए-३०२: तुमच्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही. पण आपल्याला लागणारी पॅकेजेस जिथे लिहितो त्या पॅकेज.जेसनमध्ये पीडीएफच्या पॅकेजपुढे कॅरेटची खूण (^) आहे, ^२.३.०. म्हणजे ३.०.० च्या खालची नव्यात नवी आवृत्ती चालते. नव्या लॅपटॉपने ती उचलली, टेबल रुंद झालं, व्याजाचा रकाना पानाबाहेर गेला.

बी-५०१: कॅरेट काढतो. संपला विषय.

ए-३०२: नाही संपत. त्या पॅकेजला लागणारी पॅकेजेस आपण कुठे लिहिलीत? त्यांच्या आवृत्त्यांचे नेमके आकडे आणि हॅश (फाइल तीच आहे ना हे पडताळणारी खूण) लॉकफाइलमध्येच असतात. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं, तर बेबेल या जावास्क्रिप्टच्या साधनासकट कितीतरी प्रोग्रामचे बिल्ड पडले, म्हणजे ते तयारच होईनात. अनेकांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

ई-४०१: सगळं गोठवलंत तर सुरक्षेच्या दुरुस्त्या कशा येणार? लॉग४जे या जावाच्या पॅकेजमधलं सुरक्षेचं भगदाड विसरलात?

ए-३०२: ताई, अपडेट करायचंच, पण ठरवून. वेगळा कमिट (गिटमध्ये बदलाची वेगळी नोंद), जुनं-नवं बिल शेजारी ठेवून तपासायचं. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या पॅकेजच्या लेखकानेच न संपणारा लूप टाकून नवी आवृत्ती सोडली. जुन्या आवृत्तीवर लॉक असलेले वाचले.

डी-२०३: पाणी किती वाजता येणार आज?

ए-३०२: लॉकफाइल गिटमध्ये. एनपीएम सीआय. लॉकफाइल पॅकेज.जेसनशी जुळली नाही तर एनपीएम सीआय तिथेच थांबतो, गुपचूप बदलत नाही. नोडची, म्हणजे हा कोड ज्यावर चालतो त्याची, आवृत्तीही लिहून ठेवा.

बी-५०१: वाचलं. तिसऱ्यांदा. जुन्या लॅपटॉपवरची लॉकफाइल कमिट करतो, कॉन्फ्लिक्ट तुम्ही सोडवा.

ए-३०२: सोडवतो. पॅकेज.जेसन नीट करून एनपीएम इन्स्टॉल चालवलं की लॉकफाइल जुळते. हाताने ओळी जोडू नका.

सेक्रेटरी: सुधारित बिलं उद्या. तोवर कुणी भरू नका.

सी-१०४: मी सकाळीच भरलं.

सेक्रेटरी: काकू, रक्कम तीच राहील. व्याजाचा तपशील नव्या बिलात येईल.