जंतू मारला अन् जळजळ वाढली, मग मारायचाच कशाला?

इतवारीकर: गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या पोटात फार दुखायचं. दुर्बीण टाकून पाहिलं तर अल्सर, आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. 14 दिवस गोळ्यांचा कोर्स झाला, दुखणं गेलं. पण आता रात्री दोनला उठून बसतात. छाती जळते, घशाशी आंबट येतं. दोन उशा लावून, तांब्या जवळ ठेवून झोपतात. हा जंतू जठराच्या वरच्या भागात पसरला की आम्ल कमी तयार होतं, असं वाचलं. म्हणजे तोच आम्ल दाबून होता नं? त्रास नसेल त्यानं त्याला राहू द्यावं, असं माझं मत.

महालची सून: मला नाही पटत. हाच जंतू जठराच्या खालच्या भागात सूज आणतो तेव्हा आम्ल उलट वाढतं, अल्सर त्यातूनच होतो. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं त्याला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. माझे मामा जठराच्याच कॅन्सरनं गेले. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणून ताट सरकवायचे.

इतवारीकर: मामांचं ऐकून वाईट वाटलं ताई. पण अन्ननलिकेचा एक कॅन्सर हा जंतू असलेल्यांत कमी दिसतो, हेही अभ्यासांतच आहे.

मेडिकल चौक: मी लॅबमध्ये काम करतो. भाऊ, तुमची शंका जुनी आहे. 1997 मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात जंतू गेल्यावर अन्ननलिकेची सूज जास्त दिसली होती. नंतरच्या चाचण्यांत एकंदरीत तसं दिसलं नाही. रिफ्लक्सचं, म्हणजे आम्ल वर घशाकडे येण्याचं, मूळ बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेत असतं, ती नको तेव्हा सैल पडते. काकांचं दुखणं थांबल्यावर जेवण वाढलं का? वजन?
आणि जंतू तसाच ठेवून वर्षानुवर्षं रोज पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेणं तर सगळ्यात वाईट, जठराचं अस्तर झिजत जाऊ शकतं. जंतू खरंच गेला का, ते श्वासाच्या तपासणीत कळतं. त्याआधी ती गोळी दोन आठवडे बंद ठेवायची, डॉक्टरांना विचारूनच.

इतवारीकर: वजन सात किलो वाढलं. सावजी पुन्हा सुरू झालं. दुकान बंद करून साडेदहाला जेवतात अन् लगेच आडवे होतात. हे कबूल. पण माझा भाऊही पॉझिटिव्ह निघाला, त्याला काहीच होत नाही. त्याला अँटिबायोटिक देऊन पोट बिघडवायला मी तयार नाही.

महालची सून: मामांनाही शेवटच्या चार महिन्यांपर्यंत काहीच होत नव्हतं.