मदत हवी आहे: आजोबाची ३२ ची रिव्हॉल्वर आज काही कामाची हाय का?

वावरातला_बाप्पू
राम राम मंडळी, वरूडहून. मोबाईलले चार्जिंग कमी हाय म्हणून सीधं मुद्द्यावर येतो. घरी ३२ नंबरची (म्हंजे ०.३२ इंची गोळीची) रिव्हॉल्वर हाय, आधी आजोबाच्या नावावर होती, मंग बाबाच्या, आता माह्या. मामेभाऊ म्हणते ३२ म्हणजे खेळणं, समोरच्याले लागली तरी तो तुले धरून हाणीन, विकून टाक अन् दुसरी घे. गावातला एक जण म्हणते गोळी ते गोळी, पोटात गेली का संपलं. नेमकं खरं काय? शंभर वर्षं जुन्या नमुन्याची गोळी आज चालते का? लवकर सांगा, या आठवड्यात ठरवाचं हाय.

निवृत्त_सुभेदार
बाप्पू, आधी सांगा काडतूस कोणतं, ३२ लाँग की ३२ एसीपी? दोन्हीला लोक ३२ च म्हणतात, पण पहिलं रिव्हॉल्वरचं १८९६ चं आणि दुसरं पिस्तुलाचं १८९९ चं. चुकीचं काडतूस कधी कधी चेंबरमध्ये बसतंही, अन् घात तिथंच होतो. खोक्यावर काय छापलंय?

नऊएमएम_वाला
एवढं काय विचारता, ३२ बाद. आज सगळं जग ९ एमएम (९ मिलिमीटरची गोळी) वापरते. ३२ लाँगची गोळी ९८ ग्रेनची, सेकंदाला सातशे फुटांच्या आसपास जाते, ९ एमएमचा जोर तिच्या तिप्पट. विषय संपला.

कायद्याचं_बोला
विषय संपला नाही, सुरूच झाला नाही. ९ एमएम आपल्या इथं प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या नागरिकाला मिळत नाही. ३८ चीही तीच गत. अमेरिकेचे व्हिडीओ पाहून वरूडच्या माणसाले सल्ला देऊ नये. म्हणून तर आपल्याकडे परवान्यावर ३२ च दिसते, कानपूरची असो की कलकत्त्याजवळच्या इशापूरची. २०१४ मध्ये 'निर्भीक' निघाली बायांसाठी म्हणून, ५०० ग्रॅमची, तीही ३२ च.

नऊएमएम_वाला
मी कुठं म्हटलं घ्या म्हणून? प्रश्न चालते का असा होता. नाही चालत.

निवृत्त_सुभेदार
चालते. जोराचे आकडे सांगून माणूस थांबत नसतो. ३२ ची गोल नाकाची शिशाची गोळी पसरत नाही, म्हणून आत बऱ्यापैकी जाते, जखम मात्र बारीक करते. अमेरिकेचे एफबीआयवाले जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे असं मोजतात. १९८६ ला मायामीत गोळीबार झाला, त्यात ९ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडं थांबली म्हणून त्यांनी ९ सोडून १० एमएम घेतलं, मग ४०, आणि वीस-पंचवीस वर्षं फिरून गोळ्या सुधारल्यावर परत ९ वरच आले. म्हणजे नंबर बदलून सगळं सुटते असं नाही. ३२ ला झटका कमी, म्हणून सराव नसलेल्याची दुसरी गोळीही जागेवर लागते. निशाण्यावर कधी हात बसवलाय का बाप्पू, की नुसती कपाटात?

संत्रामोसंबी
माझ्या काकाच्या लायसनचं दोन वर्षं झाली अर्ज करून, पोलीस रिपोर्ट आला पण पुढे सरकत नाही. कोणाची ओळख आहे का कलेक्टर ऑफिसात? व्यनि (खाजगी निरोप) करा.

कायद्याचं_बोला
वेगळा धागा काढा हो.

वावरातला_बाप्पू
आलो. खोक्यावर ३२ लाँग लिहिलं हाय, केएफ (खडकी कारखान्याचा) असा शिक्का. रिव्हॉल्वर मधून मोडते तशी, साहा गोळ्याची. सराव म्हणजे बाबा दसऱ्याले पूजा करत अन् एक हवेत उडवत, तेवढंच. हो, एक सांगाचं राहून गेलं, मागच्या महिन्यात तीन मारून पाह्यल्या त्यात दोन फुटल्याच नाही. खोकं बाबाच्या वेळचं हाय, १९९८ चं बिल हाय आत.

निवृत्त_सुभेदार
अरे मग हे आधी सांगायचं ना राजा! तीनात दोन फुसक्या, अन् तुम्ही नंबरवर चर्चा करून राह्यले. काडतुसाच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखं दिसते का? ट्रंकेत ठेवली होती का?

वावरातला_बाप्पू
हो हिरवं हाय थोडं. ट्रंक कोठीत, बाजूले खताची पोती. निवडणुकीत ठाण्यात जमा होते तवा दोन महिने तिथं राह्यते, यंदा आणली तर नळीत लालसर होतं.

निवृत्त_सुभेदार
खताजवळ! पोरा, युरियाच्या पोत्याजवळ पितळ ठेवलं तर हिरवं पडणारच. आता नीट वाचा. ट्रिगर ओढल्यावर फुटली नाही तर लगेच उघडू नका, नळी सुरक्षित बाजूला धरून अर्धा मिनिट थांबा, कधी कधी उशिरा फुटते. नुसता फुस्स आवाज आला तर पुढची मारूच नका, गोळी नळीत अडकलेली असते. जुनं खोकं परवानाधारक दुकानात द्या, नवी काडतुसं घ्या, अन् कारागिराकडून स्प्रिंग तपासून घ्या. घोडा पडताना ठोका हलका बसत असेल तर नव्या गोळ्याही फुसक्या निघतील.

झाडीपट्टीची_मावशी
मले एक समजत नाही, हे घेऊन जाचं कोणासाठी? चोर का डुक्कर? चंद्रपूरकडं आमच्या गावात लोक वाघाच्या भीतीनं हे विचारते.

वावरातला_बाप्पू
दोन्ही मावशी. थ्री फेजची लाइन रात्रीच येते, एक वाजता मोटर चालू कराले विहिरीवर जावं लागते, वावर गावापासून तीन किलोमीटर. मागच्या पंधरवड्यात शेजारच्याची केबल कापून नेली, माह्या बांधावर पायाचे ठसे होते. अन् रानडुकराचा कळप तर रोजचाच, हरभरा उकरते.

कायद्याचं_बोला
आता खरा प्रश्न निघाला. केबल चोरणारा पळून चालला असेल आणि तुम्ही गोळी घातली, तर तुम्हीच आत जाल. भारतीय न्याय संहितेतलं स्वसंरक्षणाचं कलम ३४ ते ४४ वाचा, पहिले आयपीसीचं ९६ ते १०६ होतं. मालमत्तेसाठी जीव घेण्याचा हक्क दरोडा, रात्रीची घरफोडी, घराला आग, किंवा चोरी करताना जिवाची नाहीतर गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तेव्हाच. तांब्याच्या तारेसाठी नाही. आणि लायसनवर काय लिहिलंय ते पाहा, कुठल्या जिल्ह्यापुरतं आहे आणि मुदत कधीपर्यंत. २०१९ नंतर दोनच हत्यारं ठेवता येतात, आजोबाची बारा बोअरची बंदूक पण असेल तर मोजा.

नऊएमएम_वाला
डुकरासाठी ३२? पेटलेल्या नराला लागली तर तो तुमच्या मांडीत सुळा घालेल. हे तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

निवृत्त_सुभेदार
पहिल्यापासून तुम्ही ९ एमएम म्हणत होते. पण हे बरोबर आहे, डुकरापुढं रिव्हॉल्वर काढूच नका, अस्वलापुढं तर नाहीच. शिवाय डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते.

झाडीपट्टीची_मावशी
आमच्या इथं झटका मशीन (कुंपणाच्या तारेले हलका करंट देते ती) लावली, डुक्कर तर डुक्कर, रोही (नीलगाय) पण येत नाही. टॉर्च मोठा घ्या अन् एकटे जाऊ नका, मोठ्यानं बोलत जा. वाघरू असलं तरी आवाजानं बाजूले होते, खाली वाकून पाणी वळवताना मात्र जपा. वाकलेला माणूस त्याले जनावर दिसते.

वावरातला_बाप्पू
आज अमरावतीले दाखवून आणली. कारागीर म्हणे स्प्रिंग नरम पडली, घोड्याचं टोक घासलं, अन् चक्रीले खेळ हाय, एका घरात नळीसोबत सरळ बसत नाही. अशा हत्याराले नवी गोळी घालून वाजवणं मोठी जोखीम हाय म्हणे. दुरुस्तीले टाकली हाय, जुन्या गोळ्या त्याच्याकडंच जमा केल्या, रजिस्टरवर सही घेतली. लायसन पाह्यलं तर मुदत फेब्रुवारीत संपून राह्यली, ते माह्या ध्यानातच नव्हतं. मामेभावाले फोन लावला, तर म्हणे मी सांगतलंच होतं.
आज पण एकची लाइन हाय. शेजारचा म्हातारा अन् मी संगं जातो, काठी अन् टॉर्च.
मावशी, ते झटका मशीन चार एकराले कितीले पडते?