उन्हाळी कांदा : अर्धा एकर निव्वळ शेणखतावर जमेल का?

प्रश्न (कळवण)
नमस्कार मंडळी. दीड एकर उन्हाळी कांदा करायचा आहे, वाण एन-२-४-१. उळे (रोपांसाठी कांद्याचं बी) टाकलंय, लागण डिसेंबरअखेर. एक एकर नेहमीप्रमाणे १०:२६:२६ या रासायनिक खतावर आणि युरियावर, अर्धा एकर पूर्ण सेंद्रिय, असा विचार आहे. घरचं कुजलेलं शेणखत दोन ट्रॉली, म्हणजे पाचेक टन निघेल. शिवाय जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण. वडील म्हणतात, सगळी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा निघेल. माल चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवायचा आहे. काय करावं?

उत्तर (सिन्नर)
बिनधास्त करा. जीवामृत दर पाण्याला सोडा, बाकी काही लागत नाही. जमलं तर पुढच्या वर्षी रानात मेंढरं बसवा. लेंडीखताचा जोर शेणखताला येत नाही.

उत्तर (येवला)
मेंढरांचं पटलं, जीवामृताचं नाही. २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन जातं. या सगळ्यातलं नत्र मोजलं तर पाव किलोही भरत नाही. जिवाणूंसाठी जरूर सोडा, पण त्यावर कांदा पोसणार नाही.

कळवणचे दादा, वडिलांची भीती खरी आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस हेक्टरी १५ टन शेणखत आणि वर ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश, ४० गंधक अशी आहे. म्हणजे एकरी ४४ किलो नत्र, युरियाच्या दोन गोण्यांहून थोडं जास्तच. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. पाच टनात २५ किलो, आणि पहिल्या हंगामात पिकाला लागू होतं ते फार तर तिसरा हिस्सा, आठ किलो. अर्ध्या एकराला ते कसं पुरेल? १० गुंठेच सेंद्रिय करा. तेवढ्याला ११ किलो हवं. आठ शेणखतातून, उरलेलं ५०-६० किलो निंबोळी पेंडीतून. पेंड लागणीच्या पंधरवडाभर आधी मातीत मिसळा.

आता मुख्य गोष्ट, वेळ. कांद्याला नत्र हवं ते पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पात वाढताना. नेमकी तेव्हा जमीन गार असते, शेणखत सावकाश सुटतं. ते जोरात सुटतं मार्चच्या उन्हात, कांदा पोसताना, आणि तेव्हा नत्र नको असतं. माना जाड राहतात, आणि जाड मानेचा कांदा चाळीत आधी सडतो. युरिया उशिरा टाकला तरी हेच होतं, म्हणून तुमच्या एकरातही शेवटचा हप्ता ४५ दिवसांच्या पुढे नेऊ नका. गोणीची वेळ आपल्या हातात असते, शेणखताची पावसाळ्याआधीच ठरवावी लागते. मी ते कांद्याला घालतच नाही, जूनमध्ये मक्याला घालतो. मक्यामागचा कांदा त्यावर छान येतो.

आणि खत पूर्ण कुजलंय ना, उकरून बघा. कच्च्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तणाचं बी येतं. कांद्याच्या पातीची सावली पडत नाही, तण लगेच डोक्यावर जातं. सेंद्रियाचा खरा खर्च खुरपणीचा आहे.

प्रश्नकर्ता (कळवण)
१० गुंठे पक्के. गंधकाचं काय? आणि सेंद्रिय म्हणून भाव जास्त मिळेल का?

उत्तर (येवला)
गंधक दोन्हीकडे द्या, खनिज गंधक सेंद्रियातही चालतं. तिखटपणा आणि टिकवण दोन्ही त्यावर आहे.

भावाची आशा यंदा धरू नका. लिलावात ट्रॉलीतला माल रंग, आकार आणि पत्तीवर (वरच्या सालीवर) जातो, खत कुणी विचारत नाही. प्रमाणपत्राला हंगामी पिकात दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो, म्हणजे तेवढा काळ सेंद्रिय पद्धतीनेच शेती करावी लागते.

काढणीला वजन कराच, पण निकाल तिथे लावू नका. निम्म्या माना पडल्या की काढा, पातीसकट शेतात सुकवा, मग सावलीत. चाळीत दोन्हींचे कप्पे वेगळे करा आणि प्रत्येकातली एक गोणी वजन करून बाजूला ठेवा. ऑगस्टमध्ये सड आणि कोंब काढून पुन्हा वजन करा. दोन्ही आकडे इथे टाका, मला हवे आहेत.