थंड इंजिन मिसिंग करतंय, प्लग-कॉइल बदलून झाले, आता इंजेक्टर बदलू का?

सहासिलिंडर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन लिटरची, सहा सिलिंडरची, सुपरचार्जरवाली (इंजिनाच्याच ताकदीने फिरून आत हवा कोंबणारा पंप) सेडान आहे. सेकंड हँड घेतली, आता 92,000 किलोमीटर झालेत. या गाडीवर माझा जीव आहे. टर्बोच्या गाड्या चालवल्यात मी, पाय दाबला की आधी क्षणभर दम घेतात. ही घेत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय नुसता टेकवला तरी दोन हजार आरपीएमपासूनच ओढते.

पण गेले दोन महिने रात्रभर उभी राहिली की सकाळी थरथरते. आरपीएमची सुई नाचते, सायलेन्सरमधून तुटक फट-फट आवाज येतो, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी-0300 (कधी या तर कधी त्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे मिश्रण न पेटणं), एकदा पी-0304 (चार नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग). मिनिट-दीड मिनिटात सगळं शांत. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग सहाही कॉइल. पैसे गेले, थरथर तशीच. आता तो म्हणतो इंजेक्टर बदला. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या दोन बाटल्याही झाल्या. एक मित्र म्हणतो, सुपरचार्जर आला की अशी दुखणी आलीच. खरंच का?

टॅपेट
साहेब, इंजेक्टर बदलायची घाई करू नका. आणि सुपरचार्जरला बोल लावू नका, त्याचा यात काही दोष नाही. एकोणीस वर्षं इंजिनं उघडतोय. फक्त थंड असताना, मिनिटभरच, तेही कधी सगळीकडे तर कधी एकाच सिलिंडरला, असं ऐकलं की मला आधी इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह, आठवतात.

पोर्ट म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीचा हवेचा मार्ग. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर तिथूनच तीन-चार बारच्या दाबाने व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल मारतो. पेट्रोलमधल्या डिटर्जंटने व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. तुमच्या गाडीसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये, शंभर-दीडशे बारच्या पुढे. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही. पण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडणारा भाग) येणारी तेलाची वाफ काही थांबत नाही. ती तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, भाजते, त्यावर पुन्हा नवी बसते. टाकीतली बाटली तिथवर पोचणार कशी? थ्रॉटलमधून मारायचा स्प्रेही तुमच्या इंजिनात कामाचा नाही. वाटेत सुपरचार्जरचे रोटर आणि हवा थंड करणारा कूलर आहेत, स्प्रे कूलरच्या पात्यांवरच अडकतो.

आता सकाळीच का? थंड आयडलला आत जाणारी हवा मुळात थोडी. व्हॉल्व्हच्या मानेवर खडबडीत थर असला की तिची घुसळण बिघडते, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळी बिघडते. मिश्रण प्लगपाशी नीट जमलं नाही तर नवी कॉइल ठिणगी देऊनही ते पेटत नाही. रस्त्यावर सुपरचार्जर हवा कोंबतो, म्हणून गाडी ठणठणीत वाटते.

तरी अंदाजावर विसंबू नका. एखादा इंजेक्टर गळत असला तरी सकाळी असंच होतं. गाडी बंद केल्यावर रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब किती वेगाने उतरतो ते स्कॅनरवर बघायला सांगा. दाब टिकला तर सुपरचार्जर उचलायचा आणि पोर्टमध्ये कॅमेरा घालायचा. काजळी दिसली तर अक्रोडाच्या टरफलाची भुकटी हवेच्या दाबाने मारून साफ करतात, सोबत व्हॅक्यूम. ज्या पोर्टमध्ये भुकटी मारायची त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले हवेत, त्यासाठी क्रँक हाताने फिरवायचा. यात कुणी घाई करत असेल तर गाडी तिथून काढा. भुकटी सिलिंडरमध्ये पडली तर दुसरंच काम उभं राहतं. आणि बऱ्याच व्ही-सिक्समध्ये, म्हणजे व्हीच्या आकारात सहा सिलिंडर असलेल्या इंजिनांत, तेल वेगळं करणारा ब्रीदर सुपरचार्जरच्या खालीच असतो. तो तेव्हाच बदलून घ्या, पुन्हा उघडायला लागू नये.

दोनरोटर
टॅपेटदादांशी सहमत. सुपरचार्जर निर्दोष आहे याचा पुरावा म्हणजे 2010 ची लोटस इव्होरा एस. टोयोटाचा साडेतीन लिटरचा व्ही-सिक्स, वर सुपरचार्जर, सुमारे 345 अश्वशक्ती, आणि इंजेक्शन पोर्टमध्ये. हवा तशीच कोंबलेली, पण व्हॉल्व्ह रोज धुतले जातात.

मात्र डायरेक्ट इंजेक्शनला नुसतं झोडपणं मला पटत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते, म्हणून नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याची, भीती कमी. ऑडीने 2008 मध्ये आणलेल्या 3.0 टीएफएसआयमध्ये सुपरचार्जर असूनही कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) 10.5 ला 1 इतकं चढं ठेवता आलं ते यामुळेच. ऑडीच्याच एस-4 गाडीत त्याच इंजिनाचे 333 अश्वशक्ती, आणि 440 न्यूटन-मीटर टॉर्क अडीच हजारांवरच हजर. तुम्हाला जी ओढ आवडते तिच्यात या फवाऱ्याचाही वाटा आहे. दोन्ही हवं तर दोन्ही इंजेक्टर लावायचे. टोयोटाने 2005 मध्ये लेक्सस आयएस 350 च्या व्ही-सिक्सला तेच केलं, सहा सिलिंडरना बारा इंजेक्टर.

जुनाकार्ब्युरेटर
थेट फवाऱ्याची किंमत पहिल्यापासून मोजावी लागली आहे. 1954 ची मर्सिडीज 300 एसएल, तीही सहा सिलिंडरची, तीन लिटरची. तिचा यांत्रिक पंप इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल मारत राहायचा. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरायचं. म्हणून तिचं ऑइल फार लवकर बदलावं लागे. तिथे पेट्रोल नको तिथे पोचत होतं, इथे हवं तिथे पोचत नाही.

सहासिलिंडर
सगळ्यांचे मनापासून आभार. रेलचा दाब टिकला, म्हणून काल दुसऱ्या गॅरेजात सुपरचार्जर उचलला. मी शेजारीच उभा होतो. बाराही व्हॉल्व्ह काळे. चार नंबरच्या एका व्हॉल्व्हचा दांडा तर करंगळीएवढा जाड दिसत होता, वर डांबरासारखी ओली चकाकी. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर वरचा थर मऊ आणि खालचा कोळशासारखा कडक निघाला. एकेक पोर्ट साफ करायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. ब्रीदरही नवा टाकला.

आज सकाळी चावी फिरवली आणि सुई जागची हलली नाही. पाच हजारांच्या वर जो दम आलाय तो तर गाडी घेतल्यापासून मी अनुभवलाच नव्हता. टॅपेटदादा, पुन्हा कॅमेरा कधी घालू? चाळीस हजार किलोमीटर थांबलं तर चालेल?

टॅपेट
तीस हजारांवर एकदा बघा. आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नसेल, तर ऑइल ठरलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदला.